बांधावरची पायवाट

मुलांनो, डोंगराखालच्या एका रानात एक म्हातारी कासवीण राहायची. पाय दुखायचे, पाठीवरचं ओझं तर जन्माचंच. तरी रोज सकाळी कोवळा पाला तोंडात धरून ती पलीकडच्या तळ्यावर निघायची. तिथे तिची थोरली बहीण होती. बहिणीचे डोळे गेलेले, त्यामुळे ही नेईल तेच तिचं खाणं. वाटेत साळिंदराचं भाताचं खाचर होतं आणि पायवाट त्याच्या बांधावरूनच जायची. ससे, मुंगूस, भेकरं, सगळी त्याच वाटेनं येत-जात. चालताना बांधाला खेकड्याचं बीळ दिसलं की चिखल लोटून पायानं दाबून टाकायचं, ही तिथली जुनी रीत. कुणी कुणाला सांगत नसे, जो तो करत असे.

साळिंदर मात्र रानात नवं होतं. हे सगळे आपला बांध तुडवून खराब करतात, असं त्याच्या डोक्यात बसलं. एके दिवशी त्यानं वाटेच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्या रचल्या. अंगावर एवढे काटे असून याला आणखी हवेच होते! कासविणीनं परोपरीनं विनवलं, बहिणीची हकीकत सांगितली. साळिंदर म्हणालं, "आजी, शेत माझं आहे. तुम्ही डोंगराला वळसा घालून जा."

ससे-भेकरांचं काय, ती उड्या मारत दुसरीकडून गेली. कासविणीला मात्र तो वळसा म्हणजे दोन दिवसांची चाल. तरी ती निघाली, दुसरं करणार काय? पोचेपर्यंत पाला सुकून जायचा. बहीण तक्रार करत नसे, कडक पान चघळत बसे आणि तू दमलीस का, एवढंच विचारी. हेच कासविणीला जास्त लागायचं. पाचव्या खेपेला ती पोचली, तेव्हा बहीण उपाशीपोटीच गेलेली होती. कासविणीनं पाला तिच्याजवळ ठेवला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली.

इकडे बांधावर पाऊल पडेना, तसं खेकड्यांचं फावलं. त्यांनी मनसोक्त बिळं पाडली. साळिंदर एक बुजवी, तोवर पलीकडे दोन तयार. ऐन दाणा भरायच्या वेळी बांध फुटला, खाचरातलं पाणी ओढ्याला गेलं आणि लोंब्या पोचट राहिल्या. आपला बांध इतके दिवस कुणाच्या पायांवर उभा होता, हे तेव्हा कुठे त्याला कळलं. त्यानं सगळ्या फांद्या ओढून काढल्या आणि वाटेच्या तोंडाशी जाऊन बसलं.

दोन दिवसांनी कासवीण वळसा घालून परत येताना दिसली. साळिंदर पुढे झालं आणि खाली मान घालून म्हणालं, "माझं चुकलं, आजी. उद्यापासून याच वाटेनं जात जा."

कासविणीनं मोकळ्या बांधाकडे पाहिलं. रागावण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. ती म्हणाली, "जाईन रे बाबा. पण आता कुणाकडे जाऊ?"

तात्पर्य : कुणाची वाट अडवण्याआधी तिच्यावर कोणाचा जीव अवलंबून आहे ते विचारावे, काटे मागाहून काढता येतात, पण मधले दिवस परत देता येत नाहीत.