बालवीर क्लबचा कीपर केरबा

गावोगावी एखादा भोळा असतोच, पण करंजोशीच्या भोळ्याला आम्ही कीपर केलं होतं. त्याचं नाव केरबा. गडी अंगानं दणकट, मनानं निर्मळ आणि सांगाल ते ऐकणारा. हे ऐकणंच आमच्या मुळावर आलं. सांगितलं तेवढंच तो करायचा, आणि तेही भलत्याच ठिकाणी.

क्लबचं नाव बालवीर. नाव ठेवलं तेव्हा सगळे बाल होते. पुढं निम्म्यांना पोटामुळं स्वतःचे बूट दिसेनासे झाले, आणि वीर तर आम्ही कधीच नव्हतो. तालुक्याच्या लीगमध्ये आम्ही एकही सामना जिंकलेलो नव्हतो. दरवर्षी हरायचं, जिंकलेल्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि रस्सा ओरपून घरी यायचं, असा आमचा शिरस्ता.

मग कोरोना आला. मैदानावर गुडघाभर गवत उगवलं आणि मॅट उंदरांनी खाल्ली. वर्षभरानं खेळायला परवानगी मिळाली, तीही अटींवर. लीग चालवणारे घाटगे सर म्हणजे निवृत्त पी.टी. मास्तर, तेच पंच आणि तेच कायदा. त्यांनी निरोप धाडला की यंदा हंगाम आखूड आहे. प्रत्येक संघाला एकच सामना मिळेल. जिंकेल तो लीगमध्ये राहील, हरेल त्याचं नाव कायमचं कमी होईल.

आमचा कॅप्टन आनंदादादा. धंदा दुधाचा, जीव क्रिकेटात. निरोप वाचून त्याला जेवण गेलं नाही. क्लब त्यानं मिसरूड फुटायच्या आधी काढला होता, आणि आता तो त्याच्याच हातून बुडायची पाळी आली होती. त्यातून माणसं कमी. दोघं पुण्यात अडकलेले, एकाला बायको उंबरा ओलांडू देईना, आणि आमच्या जुन्या कीपरला जिना चढला तरी धाप लागायची. उरला रोलर ओढणारा केरबा. दादानं त्याच्या हातात ग्लोव्हज घातले आणि पहिला नियम सांगितला. माणसं जवळ आली की लांब सरायचं, सहा फूट अंतर ठेवायचं.

"आलं ध्यानात," केरबा म्हणाला.

सराव सुरू झाला. फलंदाज धाव घेत स्टंपांकडं आला, तसा केरबा लांब सरला. फेकलेला चेंडू रिकाम्या जागेवरनं सीमेपार गेला. पुढच्या चेंडूला स्लीपमधला गडी जवळ आला, केरबा आणखी सरला. षटक संपलं तेव्हा आमचा कीपर उसाच्या फडात उभा होता.

दादानं डोक्याला हात लावला. "अरे लेका, चेंडू आला की अंतर बिंतर बघायचं न्हाई. चेंडू जाईल तिकडं त्याच्या मागं जायचं. कुठंबी गेला तरी."

"आलं ध्यानात."

दुसऱ्या दिवशी एकानं षटकार मारला. चेंडू शेजारच्या अंगणात पडला. त्या घरातले सगळे आजारी होते, अंगणाच्या दाराला आडवा बांबू बांधलेला होता. केरबा बांबूखालनं वाकून आत गेला, चेंडू घेतला आणि बाहेर यायला निघाला, तर गावच्या आरोग्याचं बघणारी आशाताई दारात उभी. आत गेलेला माणूस आता आतच राहणार, असं तिनं बजावलं. केरबा घरातल्या बाकीच्यांबरोबर अडकला. आम्ही रोज बांबूपलीकडनं त्याला हाका मारायचो आणि तो खिडकीतनं चेंडू दाखवायचा. मुदत संपून बाहेर आला तेव्हा चांगला गुटगुटीत झाला होता, कारण काढा तेवढा सोडला तर तिथलं जेवण झकास होतं.

दादा म्हणाला, "केरबा, काई करायच्या आधी समोरच्याला इचारावं रे. करू का न्हाई म्हणून."

"आलं ध्यानात."

मग शेजारच्या वाडीशी मैत्रीचा सामना ठरला. त्यांचा फलंदाज फटका मारायला चांगला चार पावलं पुढं आला आणि चुकला. चेंडू केरबाच्या हातात, स्टंप समोर, फलंदाज लांब. केरबानं चेंडू स्टंपांजवळ नेला आणि अदबीनं विचारलं, "भाऊ, बेल पाडू का?"

"थांब जरा," भाऊ म्हणाला. तो सावकाश मागं आला, क्रीझमध्ये पाय टेकवला, आणि मग म्हणाला, "हां, पाड आता."

त्या भाऊनं पुढं पन्नास धावा काढल्या. दादाचा आवाज बसेपर्यंत तो केरबावर ओरडला. विचारत बसायचं नाही, माणूस आपली रेघ सोडून बाहेर आला की लागलीच पाडायचं आणि औट म्हणून ओरडायचं, असं त्यानं तीन तीनदा घोकून घेतलं. केरबाच्या हे पक्कं ध्यानात आलं.

त्या आठवड्यात शाळेत लसीकरण होतं. दादानं पोरांना मदतीला पाठवलं, क्लबचं नाव तरी चांगलं होईल म्हणून. पटांगणात चुन्याचे गोल आखलेले, प्रत्येक गोलात एक माणूस. केरबानं त्या चुन्याच्या रेघा बघितल्या आणि कंबरेत वाकून उभा राहिला. एका आजोबांनी सावलीसाठी पाऊल बाहेर टाकलं. केरबानं झडप घातली, त्यांच्या हातातली पिशवी खाली पाडली आणि ओरडला, "औट."

आजोबांना वाटलं नवा सरकारी नियम असेल. ते गुमान घरी गेले. आमच्या मैदानावर औट दिल्यावर भांडणं होतात, पण म्हातारी माणसं शहाणी, एकानंही वाद घातला नाही. दुपारपर्यंत केरबानं सगळी रांग बाद केली होती. डॉक्टरीणबाई लस घेऊन बसल्या होत्या आणि पटांगणात नुसते गोल उरले होते.

घरोघरी जाऊन माफी मागून आल्यावर दादानं केरबाला ओट्यावर बसवलं. उद्या सामना होता. दादाचा आवाज आता रडवेला झाला होता.

"केरबा, औट द्यायचं काम आपलं न्हाई. ते पंचाचं. पंच बोट वर करत न्हाई तवर तू गप उभं ऱ्हायचं. कोण काय बी म्हणू दे, मी म्हणलो तरी ऐकायचं न्हाई. क्लब वाचवायचा हाय आपल्याला."

"आलं ध्यानात, दादा. क्लब वाचवू की," केरबा म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरून आले.

सामना खडकेवाडीशी. त्यांची पोरं नुकतीच तापातनं उठलेली. गोलंदाज चार पावलं धावून दम खात होते, त्यामुळं आमच्याही धावा झाल्या. प्रेक्षकांना बंदी होती. नाहीतरी आम्हांला बघायला कोण यायचं, पण या वेळी निदान सरकारी कारण होतं. शेवटचा चेंडू उरला तेव्हा खडकेवाडीला नऊ धावा हव्या होत्या. एका चेंडूत नऊ. आम्हांला हिशेब जमत नाही, पण एवढा जमला.

चेंडू पडला. फलंदाजानं बॅट फिरवली ती हवेतच. चेंडू सरळ केरबाच्या हातात बसला. आम्ही आनंदानं बोंब ठोकली आणि गोलंदाजासकट सगळे मैदानाच्या टोकाला, लिंबाखालच्या पाण्याच्या पिंपाकडं पळालो. मिठ्या मारायला बंदी, म्हणून कोपराला कोपर लावून नाचायला लागलो.

इकडं फलंदाजांनी सवयीनं एक धाव काढली. कीपर हलला नाही. त्यांनी दुसरी काढली. कीपर घाटगे सरांच्या बोटाकडं बघत उभा. तिसरीला आनंदादादाच्या लक्षात आलं आणि तो ओरडत परत फिरला. त्यानं चेंडू हिसकायला हात घातला, तर केरबानं तो पोटाशी धरला.

"पंचांनी बोट वर केलं न्हाई, दादा. तुमीच सांगिटलंय."

दादा सरांकडं धावला. सर म्हणाले, फलंदाज पळतायत तोवर चेंडू जिवंत आहे, आणि बेल जाग्यावर असताना बोट वर करणं नियमात बसत नाही. दादानं त्यांचं बोट धरून वर करायचा प्रयत्न केला. सरांनी त्याला अंतर ठेवायला सांगितलं. सहाव्या धावेला खडकेवाडीचा जाड फलंदाज खेळपट्टीच्या मधोमध खाली बसला, पाणी मागवून प्यायला आणि उठून पुढं चालत गेला. केरबा त्याच्याकडं मायेनं बघत होता. नववी धाव पुरी झाली तेव्हा आनंदादादाच खेळपट्टीवर बसला होता.

सामना संपला, असं स्कोअररला सांगायला घाटगे सरांनी बोट वर केलं.

केरबानं तिन्ही स्टंप उखडले. मग चेंडू नाचवत तो लिंबाकडं धावत आला आणि औट केला, औट केला म्हणून ओरडायला लागला. आम्हांला वाटलं, पहिल्याच विजयात एक गडी वरकड मिळाला. अंतराचं भान कुणाला राहतंय. आम्ही त्याला खांद्यावर घेतलं, हलगी मागवली आणि वेशीपासनं मारुतीपर्यंत वाजतगाजत मिरवलं. बायकांनी ओवाळलं. सरपंचांनी भाषण केलं. दादा मागनं पाय ओढत आला, तर त्यालाही हार घातला. त्याच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत होतं. इतकी वर्षं क्लबसाठी झिजला, त्याला आनंद होणारच, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

खडकेवाडीकरांनी वाईट वाटून घेऊ नये म्हणून आम्ही केरबाच्याच हाती त्यांना पेढे पाठवले. त्यांनी ते खाल्ले, आणि रिकाम्या डब्यातनं आमच्यासाठी त्यांचे पेढे परत पाठवले.