बाकी दारावर

करंजगडच्या गंभीरराव महाराजांनी पागेतल्या एका घोड्याचा खुराक विचारला आणि मोतद्दार रखमाजी डोकं खाजवत राहिला. तेवढ्यावर हुकूम सुटला. तीनशे घोड्यांच्या गळ्यात एकेक पाटी हवी, तळहाताएवढीच. आठ दिवसांनी महाराज कुठल्याही घोड्याबद्दल काहीही विचारतील. उत्तर लिहिलेलं सापडलं पाहिजे. नाही सापडलं, तर रखमाजीनं पागेमागची खोली सोडायची. त्याचा जन्म त्याच खोलीतला.

नाव आणि रंग लिहिला की पाटीवर जेमतेम ओळभर जागा उरत होती. रखमाजीनं हाय खाल्ली. त्याची लेक साळू मात्र खडू घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला परत आली. काम झालं म्हणाली.

आठव्या दिवशी महाराजांनी पहिल्याच घोड्याचा रंग विचारला. गळ्यात लिहिला होता. मग खुराक विचारला. तो नव्हता, पण खाली होतं, 'बाकी दारावर.' एकेका जातीचा एकेक तबेला; त्याच्या दारावर त्या जातीच्या सगळ्या घोड्यांचा खुराक होता आणि खाली, 'बाकी फाटकावर.' पागेच्या फाटकावर जगातल्या सगळ्या घोड्यांचं होतं : पाय चार, पाणी तीनदा. शेवटी, 'इथंही नसेल, तर साळूला विचारा.'

महाराज वैतागले. आजपासून पाणी चारदा, म्हणाले. आता बदल तीनशे पाट्या! साळूनं फाटकावरचा एक आकडा पुसून दुसरा लिहिला.

मग महाराजांना माणक्या नावाचा घोडा दिसला. दारावर होतं, 'लाथ मारत नाही.' माणक्याच्या गळ्यात होतं, 'लाथ मारतो.'

"सापडलीस पोरी. यातलं खरं कुठलं?"

"गळ्यातलं, सरकार. गळ्यात नसेल तरच दाराकडं जायचं."

"दाराची पाटी मोठी आहे."

"आहे की. पण माणक्यानं ती वाचलेली नाही."

आमच्या राज्यात मोठ्या पाटीचंच चालतं, असं म्हणत महाराज माणक्याच्या मागं जाऊन उभे राहिले आणि त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला : या घोड्याचं आमच्याबद्दल मत काय?

कारभाऱ्यानं गळा पाहिला, दार पाहिलं, फाटकापर्यंत जाऊन आला. कुठंच नव्हतं. रखमाजीनं मनातल्या मनात भांडी बांधायला घेतली. सगळे साळूकडं वळले.

"विचारलंत की बघून सांगते, सरकार. एवढ्यात कळेल."

माणक्यानं लाथ झाडली. महाराज गवताच्या गंजीत जाऊन बसले.

"मत बरं नाही, सरकार," साळू म्हणाली.

गंजीतून आधी पागोटं वर आलं, मग महाराजांचं हसू. ते पोट धरून हसले. खोली रखमाजीला कायमची मिळाली, साळूला माणक्या मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी दरबाराच्या दारावर नवी पाटी लागली : 'बाकी साळूला विचारा.'