कादंबरीचा ट्रेलर

मोबाइलला नुकतं तोंड फुटलं होतं, तेव्हाची गोष्ट. वाचनालयातली पाल धापा टाकत जाड कादंबरीकडे आली. "अगं बाई, ऐकलंस का? सोमवारी रद्दीवाला तुला घेऊन…" तेवढ्यात दिवा लागला नि पाल पळाली.

कादंबरी हादरली, पण रडत बसली नाही. टेबलावरच्या ग्रंथपालबाईंच्या मोबाइलला म्हणाली, "माझा ट्रेलर कर. पुरातली होडी दाखव, होडीतली नवरी दाखव."

"आणि शेवट?"

"शेवट दाखवलास तर मला उघडेल कोण, शहाण्या? होडी कलंडली की थांब!"

लोक बघायचे नि निघून जायचे. कादंबरी म्हणायची, "पुन्हा लाव!"

सोमवारी रद्दीवाला आला. ट्रेलर बघून त्यानं तराजू खाली ठेवला. "बाई, त्या नवरीचं काय झालं हो?"

ग्रंथपालबाई हसल्या. "वाचा की!"

रद्दीवाला कादंबरीला घेऊन गेलाच. पण वाचनालयाचा सभासद होऊन, छातीशी धरून.