फुगरी बेडकी आणि खोबरेल लावलेली दोरी

चैत्र महिना. पाडवा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी जरा गारवा. दुपारी चटका. वारा अजिबात नाही.

केळीच्या बागेत एक डबकं होतं. डबक्यात राहायची एक इवलीशी बेडकी. तिचं नाव फुगरी. राग आला की तिचे गाल फुगायचे. फुग्ग!

फुगरीला होती शेपटीवाली पिल्लं. इकडे सुळकन, तिकडे सुळकन.

थंडीभर पाटाने पाणी यायचं. झुळझुळ झुळझुळ. डबकं भरलेलं असायचं.

आज फुगरी उठली. पाटात पाहते तर काय? पाणी नाही! पाट कोरडा. डबकं एवढंसं. पिल्लं एकमेकांना चिकटून बसलेली.

फुगरीचे गाल फुगले. फुग्ग!

"पाणी गेलं आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही!"

विहिरीपाशी होतं पाण्याचं इंजिन. थंडीत पाटाला पाणी होतं, म्हणून त्याला काम नव्हतं. गोणपाट पांघरून ते झोपलं होतं. घुर्र... घुर्र...

फुगरी निघाली. टपाक टुपूक, टपाक टुपूक.

"इंजिनदादा, इंजिनदादा, उठा!
पाटात पाणी येईना,
माझी पिल्लं सुकतील ना!
हे शोभतं का कुणाला? डराँव!"

इंजिनाने गोणपाटातून एक डोळा उघडला.

"माझ्या पोटात शिळं पेट्रोल आहे. मळमळतंय मला. काकी ताजं पेट्रोल घालील, चाकाला दोरी गुंडाळून ओढील, तेव्हा मी धडधडेन. त्याआधी नाही म्हणजे नाही."

"थंडीभर झोपा काढल्या, आणि वर ही ऐट!" फुगरी म्हणाली. फुग्ग!

आणि निघाली. टपाक टुपूक, टपाक टुपूक.

बागेची मालकीण होती सुगंधाकाकी. ती ओट्यावर बसून पानाला चुना लावत होती.

"काकी, काकी, दोरी ओढा!
इंजिन धडधडेना,
पाटात पाणी येईना,
माझी पिल्लं सुकतील ना!
हे शोभतं का कुणाला? डराँव!"

"अगो फुगरे, ओढू काय? माझी वेणी?" काकी म्हणाली. "दोरी आहे कुठे? मी चांगली जपून ठेवली होती. थंडीत कडक होऊ नये म्हणून खोबरेल चोळलं, खुंटीला टांगली. तर उंदराने पळवली!"

"खोबरेल चोळलंत? काकी, मग उंदराला जेवायलाच बोलावलंत की!"

काकी गोरीमोरी झाली.

"ते असू दे. उंदीर दोरी देईल, तेव्हा मी ओढीन. त्याआधी नाही म्हणजे नाही."

फुग्ग! टपाक टुपूक, टपाक टुपूक.

लाकडांच्या ढिगाखाली उंदराचं बीळ. आत दोरीचं वेटोळं. वेटोळ्यात उंदराची गुलाबी बाळं.

"उंदीरमामा, उंदीरमामा, दोरी सोडा!
काकी दोरी ओढेना,
इंजिन धडधडेना,
पाटात पाणी येईना,
माझी पिल्लं सुकतील ना!
हे शोभतं का कुणाला? डराँव!"

"शूऽऽ! बाळं झोपलीत," उंदीर म्हणाला. "आणि दोरी कसली? ही तर आमची गादी! वास बघ कसा छान येतो."

"चोरलेली गादी!"

"चोरलेली असो नाहीतर काही असो. बाळांना टोचतेय थोडी, पण आहे. सावर मऊ मऊ कापूस देईल, तेव्हा मी दोरी सोडीन. त्याआधी नाही म्हणजे नाही."

फुग्ग! टपाक टुपूक, टपाक टुपूक.

कुंपणाला होतं सावरीचं झाड. उंचच उंच. वर टपोरी बोंडं. बोंडांत कापूस.

"सावरबाई, सावरबाई, कापूस द्या!
उंदीर दोरी सोडेना,
काकी दोरी ओढेना,
इंजिन धडधडेना,
पाटात पाणी येईना,
माझी पिल्लं सुकतील ना!
हे शोभतं का कुणाला? डराँव!"

"कोण बोलतंय खाली?" सावर म्हणाली. "दिसत नाही बाई मला एवढं लहान."

लहान! फुगरीचे गाल असे फुगले, असे फुगले, की डोळेच दिसेनात.

"मी वाकत नाही," सावर म्हणाली. "आणि आज वाराही नाही. खार बोंड पाडील, तेव्हा कापूस घे. त्याआधी नाही म्हणजे नाही."

खार तिथेच होती. फांदीवर आडवी. शेपूट खाली लोंबत होती.

"खारूताई, खारूताई, बोंड पाडा!
सावर कापूस देईना,
उंदीर दोरी सोडेना,
काकी दोरी ओढेना,
इंजिन धडधडेना,
पाटात पाणी येईना,
माझी पिल्लं सुकतील ना!
हे शोभतं का कुणाला? डराँव!"

"एवढ्या उन्हात?" खार म्हणाली. "घसा सुकलाय माझा. घोटभर पाणी देशील, तेव्हा बोंड पाडीन. त्याआधी नाही म्हणजे नाही."

"पाणी?" फुगरी ओरडली. "अगं, पाण्यासाठीच तर मी दारोदार फिरतेय!"

खारीने डोळे मिटले.

फुगरी डबक्याकडे परत आली. टपाक... टुपूक... टपाक... टुपूक...

पिल्लांनी विचारलं, "आई, आलं पाणी?"

"कुठलं पाणी! ऐका.
खार बोंड पाडेना,
सावर कापूस देईना,
उंदीर दोरी सोडेना,
काकी दोरी ओढेना,
इंजिन धडधडेना,
पाटात पाणी येईना,
माझी पिल्लं सुकतील ना!
हे शोभतं का कुणाला? डराँव!"

सगळ्यात धाकटं पिल्लू म्हणालं, "आई, आपलं पाणी दे ना तिला. घोटभर."

"आपलं?" फुगरी म्हणाली. "आपलंच पाणी गेलं, आणि आपणच द्यायचं?"

तिने डबक्याकडे पाहिलं. डबकं एवढंसं. तिने पिल्लांकडे पाहिलं.

मग मान वर केली आणि ओरडली, "ए खारे! ये! पण एकच घोट. मी बघतेय!"

खार सरसर खाली आली. पिल्लं एका कोपऱ्यात सरकली. खार वाकली.

गुटुक.

"अजून एक?"

"डराँव!!!"

खार पळाली ती थेट सावरीच्या शेंड्यावर.

कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. देठ तुटला. बोंड पडलं. धप्प! बोंड फुटलं. भुर्रर्र! पांढरा पांढरा कापूस.

"घे गं," सावर म्हणाली. "आता दिसलीस मला."

फुगरीने कापूस डोक्यावर घेतला. नाकात गेला. आक्छी! टपाक टुपूक, टपाक टुपूक.

उंदराने कापूस पसरला. बाळं मऊ मऊ झोपली. उंदराने दोरी सोडली. एक टोक कुरतडलेलं होतं.

"ते तेवढं खाल्लं आम्ही," तो म्हणाला.

फुगरीने दोरी ओढत नेली. सर्र सर्र. काकीने टोकाला गाठ मारली. पदर खोचला. गोणपाट काढलं. शिळं पेट्रोल ओतून टाकलं. ताजं घातलं. प्लग काढला, पुसला, घट्ट बसवला. चाकाला दोरी गुंडाळली आणि ओढली.

फुस्स.

पुन्हा ओढली.

फुस्स.

"फुस्स काय, फुस्स?" फुगरी टुणकन गोणपाटावर चढली. गाल फुग्ग! "पोट साफ झालं, पेट्रोल मिळालं, दोरी मिळाली! आता कुठलं कारण?"

"झोप गेली नव्हती गं," इंजिन पुटपुटलं.

काकी म्हणाली, "फुगरे, हो बाजूला." आणि जोर लावून ओढली.

फुस्स... फट्... फट् फट्... धड! धड! धडधडधडधड!

पाईप थरथरला. गुळुक. गुळुक. भस्सऽऽ!

खारीने बोंड पाडलं,
सावरीने कापूस दिला,
उंदराने दोरी सोडली,
काकीने दोरी ओढली,
इंजिन धडधडलं,
पाटात पाणी आलं!

झुळझुळ झुळझुळ.

डबकं काठापर्यंत भरलं. पिल्लं सगळी होती. इकडे सुळकन, तिकडे सुळकन. खारीने दुसरा घोट घेतला. फुगरीचे गाल फुगले नाहीत.

संध्याकाळी काकीने इंजिन बंद केलं. दोरी पुसून कोरडी केली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवली. झाकण लावलं.