तीन राज्यांचा एक दोर

फार पूर्वीची गोष्ट. एका कोरड्या मुलखात तीन राज्यं शेजारी शेजारी होती. एक वाळूचं, एक खडकाचं आणि एक मिठाचं. तिघांकडे राजवाडे होते, हत्ती होते, तलवारी तर पुष्कळच होत्या. पाऊस मात्र कुणाच्याच वाट्याला धड येत नसे. प्रत्येक राज्यात एकच मोठी विहीर होती आणि सगळी रयत तिच्यावर जगत होती.

माणसांना वैद्य असतो, तसा या विहिरींना जलवैद्य असे. रोज सकाळी गाठी मारलेला दोर विहिरीत सोडायचा, पाणी कितव्या गाठीला लागतं ते बघायचं आणि राजाच्या कानात सांगायचं. फक्त राजाच्याच कानात! आपलं पाणी कमी झाल्याचं शेजाऱ्याला कळलं तर तो चाल करून येईल, अशी तिन्ही राजांना भीती. म्हणून मापाचा दोर खजिन्यात, मुकुटाशेजारी कुलपात राही. आणि पाणी जितकं खाली जाई, तितक्या मोठ्याने दवंडी पिटली जाई, "ऐका हो ऐका! आपली विहीर काठोकाठ भरली आहे!"

शेजारची दवंडी ऐकून प्रत्येक राजा चरफडे. "यांच्या विहिरी भरतात, मग आमचीच कशी आटते? हे चोर आमचं पाणी ओढतात!" राजेच ते. आपली दवंडी खोटी आहे हे पक्कं माहीत असूनही दुसऱ्याची त्यांना खरी वाटे.

वाळूच्या राज्यातली जलवैद्य एक बाई होती. तिला लहानपणापासून एकच खोड. उंटाच्या पापण्या एवढ्या लांब का? मुंग्या रांगेतच का चालतात? लोक कंटाळून तिला काबाईच म्हणू लागले. तिला त्याचं काही वाटत नसे.

त्या राज्यात वर्षातून एकदा विहिरीची पूजा होई. त्या दिवशी कुणी विहिरीत घागरसुद्धा बुडवत नसे. काबाईने सकाळी दोर सोडून पाहिला होता, संध्याकाळी सहज पुन्हा सोडला. पाणी चांगलं गाठभर उतरलं होतं.

"थेंबभर कुणी काढलं नाही, तरी उतरलं," ती राजाला म्हणाली. "असं का झालं असेल, महाराज?"

"चोरी! दुसरं काय? सेनापतींना बोलवा!"

"लढाई जिंकाल, पण पाणी कुठे जातं ते कळणार नाही. मला त्यांच्या जलवैद्यांना विचारू द्या."

"आणि ते तुला सांगतील?"

"आधी आपण आपलं माप सांगितलं, तर सांगतील."

राजाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण लढाईला सैन्य काढायचं तर सैन्याला प्यायला पाणी हवं, आणि तेच नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "जा. पण यातून गोड पाणी निघालं नाही, तर मापाचं गुपित फोडल्याबद्दल तुझी मान जाईल."

पण तो प्रश्न काही काबाईला स्वस्थ बसू देत नव्हता. "चालेल, महाराज," ती म्हणाली.

तिन्ही राज्यांच्या सीमा जिथे मिळत, तिथे एक बोरीचं झाड होतं. काबाईच्या निरोपावरून तिथे तिघं जलवैद्य भेटले. खडकाच्या राज्याचा होता एक तिरसट म्हातारा, आणि मिठाच्या राज्याचा एक मोठ्या मिशांचा तरुण. तिघंही आपापले दोर घट्ट कवटाळून बसले.

"एवढ्या उन्हाळ्यात ही बोर हिरवी का हो?" काबाईने विचारलं.

"झाडालाच विचारा," म्हातारा खेकसला.

मग काबाईने एक खोल श्वास घेतला आणि आपला दोर पसरून ठेवला. "आमचं पाणी या गाठीपर्यंत गेलंय. दवंडीवर विश्वास ठेवू नका."

म्हातारा टक लावून त्या गाठीकडे बघत राहिला. मग त्याने आपला दोर उलगडला. "आमचं तर याहून खाली, बाई," तो हळूच म्हणाला. मिशीवाल्याने आपलाही दोर शेजारी ठेवला. तिन्ही विहिरी आटत चालल्या होत्या. इतकी वर्षं ज्याला चोर म्हटलं, तोही आपल्याइतकाच तहानलेला आहे हे बघून तिघांनाही रडू यायचं बाकी होतं.

"खाली सगळं पाणी एकच असेल का?" काबाई म्हणाली.

तिघांच्या दोरांच्या गाठी सारख्या अंतरावर नव्हत्या. कुणाचं माप खरं यावर आधी थोडं भांडण झालं. मग त्यांनी तिघांनी मिळून नवीन दोर वळायचं ठरवलं. शेळीचे केस वाळूकडचे, घायपात खडकाकडचं आणि शिंदीची पानं मिठाकडची. तसे तीन सारखे दोर वळले आणि प्रत्येकाने एकेक नेला.

मग त्यांनी एक प्रयोग ठरवला. एका दिवशी एकाच राज्याने विहीर उपसायची. बाकी दोघांनी आपल्या विहिरींना कुलूप लावायचं आणि पाणी किती उतरतं ते फक्त बघायचं. एकीच्या उपशाने जी विहीर जास्त उतरेल, त्या दोघींच्या मधे जमिनीखालची वाट मोठी. मूळ झरा तिथेच असणार, तिथे तिघांनी मिळून खणायचं.

राजांनी कुरकुर करत होकार दिला. वाळूचा दिवस नीट पार पडला, खडकाचाही. मग मिठाची पाळी आली.

खडकाच्या राजाची डाळिंबाची बाग होती. डाळिंबं नुकतीच धरली होती आणि उन्हाने मान टाकत होती. राजा वाड्याच्या गच्चीवरून ती बघत येरझाऱ्या घालू लागला. "तिकडे मिठाचे लोक दिवसभर उपसणार आणि आम्ही नुसते बघत बसणार? आणि ते वाळूवाले तरी कशावरून गप्प बसले असतील?" म्हातारा वैद्य जेवायला गेला, तेवढ्यात राजाने कुलूप काढून माळ्याकडून मोट धरवली. बाग भिजली. कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी म्हाताऱ्याने दोर सोडला आणि आनंदाने जवळजवळ नाचलाच. पाणी भराभर उतरलं होतं! म्हणजे मीठ आणि खडक यांच्या मधे मोठा झरा!

तिन्ही राज्यांची माणसं कुदळी घेऊन आली. एकमेकांच्या भाकरी पहिल्यांदाच चाखून बघितल्या गेल्या. खडकाचा राजा गप्प होता. ती मोट तो जवळपास विसरलाच होता, किंवा विसरल्यासारखं करत होता. खणता खणता एक दिवस तळाशी ओल दिसली, मग पाणी आलं. केवढा जल्लोष झाला! एका आजीने ओंजळ भरून घोट घेतला आणि लगेच थुंकून टाकला.

"खारट!"

वाळूच्या राजाने तलवार उपसली. "काबाई, तू शब्द दिला होतास."

शिपायांनी तिला धरलं. तरी ती म्हणाली, "महाराज, जाण्याआधी एवढं कळू द्या, हे असं का झालं? दोर सारखे होते. मग त्या तीन दिवसांत वेगळं काय घडलं?"

खरं काय ते फक्त खडकाच्या राजाला आणि माळ्याला ठाऊक होतं. गप्प राहिला असता तर त्याच्यावर कुणी बोटही ठेवलं नसतं. तेवढ्यात त्याचाच म्हातारा वैद्य पुढे आला. त्याने पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. "बाईंना सोडा. माझे डोळे म्हातारे झालेत, मीच चुकीचं वाचलं असेन. मला धरा."

राजाला ते बघवेना.

"थांबा!" तो ओरडला. "याचं माप बरोबर होतं. त्या दिवशी मी चोरून पाणी काढलं. माझ्या बागेला."

एकदम गलका झाला. मिठाचे लोक काठ्या घेऊन पुढे सरसावले. पण त्यांच्याआधी काबाई शिपायांच्या हातून निसटून राजासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे चमकत होते.

"किती मोटा?"

"अं?" राजाला वाटलं होतं, ही आता शिव्या देईल.

"किती मोटा काढल्यात, महाराज? तेवढ्या वजा केल्या की खरं माप हाती लागेल!"

राजा मान खाली घालून माळ्याकडे वळला. माळ्याने सांगितलं. तिघं वैद्य तिथेच मातीत बसले आणि काटकीने हिशेब मांडू लागले. वाळूचा राजा बघत होता, पण तलवार त्याने म्यान केली नव्हती. थोड्या वेळाने काबाईने मान वर केली आणि हसली.

"तरीच ती बोर हिरवी होती!"

मोठी वाट वाळू आणि खडक यांच्या मधून, त्या झाडाखालून जात होती. तिथे खणलं. त्याच आजीने घोट घेतला. मग दुसरा घेतला, मग ओंजळ तोंडावरून फिरवली आणि आपल्या नातीला पुढे केलं. तेव्हा कुठे वाळूच्या राजाची तलवार म्यानात गेली.

त्या दिवसापासून मापाचा दोर बोरीच्या फांदीवर टांगलेला असतो. कुणीही यावं आणि पाणी मोजावं. विहिरी पाळीपाळीने उपसतात, पाळीपाळीने विसावतात, आणि दवंडीवाले खऱ्या गाठी सांगतात. खडकाचा राजा आपल्या बागेच्या मोटा स्वतः येऊन मोजून सांगतो. आणि त्या मुलखातल्या पोरांच्या हातून काही सांडलं, तर आया आधी "कुणी?" असं विचारत नाहीत. "किती?" असं विचारतात.

तात्पर्य: लपवलेली चूक सगळ्यांचं पाणी खारट करते, कबूल केलेली चूक मोजता येते, आणि मोजता आली की सुधारताही येते.