गाभाऱ्याच्या दारातली विजार

“आज विजार आत सोडली स्वामी, तर उद्या जोडे बाहेर काढा असं कोणत्या तोंडानं सांगायचं?”

माईदेव गाभाऱ्याच्या दारात हात आडवा लावून उभा होता. मठातला सगळ्यात हुशार शिष्य. तो हुशार आहे हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नसे.

समोर बाळोजी शिलेदार. लढाईवरून थेट आलेला. जगलो-वाचलो तर आधी पिंडीवर पाणी घालीन, मगच तोंडात घेईन, असं बोलून तो गेला होता. आता ओठ सुकून फुटले होते आणि हातात भरलेला तांब्या होता.

हंसस्वामी पायरीवर बसून बेल निवडत होते.

“विजारीनं काय घोडं मारलंय तुझं?”

माईदेव खुलला. असं काही विचारलं की त्याला मेजवानीच.

“आपले वाडवडील धोतर नेसले, स्वामी. अखंड, सुई न लागलेलं. विजार आली ती उत्तरेच्या घोडेस्वारांबरोबर. मग सुलतानाच्या चाकरीत आपल्या लोकांनीही ती चढवली. सुईनं भोसकलेलं कापड ते... देवाला कसं चालेल?”

“तू का घालतोस रे?” स्वामींनी बाळोजीला विचारलं.

“धोतरावर घोडं पळवलं की मांड्या सोलून निघत्यात, महाराज.”

“घोडं बाहेर बांधलंत ना?” माईदेव म्हणाला. “मग इथं विजारीचं काय काम? शिवलेलं म्हणून जे काही अंगावर असेल ते उतरवा. माझं धुतलेलं धोतर देतो.”

पोरगा मनाचा वाईट नव्हता. विद्या डोक्यात गेली होती, एवढंच.

बाळोजीनं तांब्या खाली ठेवला, धोतर घेतलं आणि भिंतीआड गेला. बराच वेळ लागला. मध्येच कण्हल्याचा आवाज आला.

माईदेव स्वामींकडे पाहून हसला.

स्वामी बेल निवडत राहिले...

बाळोजी भिंत धरधरून आला. पाय वाकत नव्हता, त्यामुळे कासोटा धड खोचता आला नव्हता. चालताना धोतर सरकलं आणि मांडी उघडी पडली. गुडघ्यापासून वर तलवारीची लांब जखम. छावणीतल्या न्हाव्यानं रेशमाच्या दोऱ्यानं टाके घातले होते. विजार उतरवण्याच्या खटाटोपात त्यांतून रक्त यायला लागलं होतं.

माईदेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण हात काही दारावरून निघेना.

“हे... हे वेगळं आहे, स्वामी.”

स्वामी उठले. कमरेच्या बटव्यातून त्यांनी अडकित्ता काढला आणि माईदेवाच्या हातात दिला.

“एवढी शिवण राहिली बघ. उसव, आणि घे त्याला आत.”