पिंगळ्याचा नियम

झाडांना अजून मालक नव्हते, तेव्हाची गोष्ट. जुन्या वडावरच्या ढोल्या संपत आल्या, म्हणून पाखरांनी सभा भरवली. अध्यक्ष झाला पिंगळा. तो स्वतः एका ढोलीत एकटाच राहत असे.

"ज्याची अंडी असतील, त्यालाच ढोली," त्याने नियम सुचवला आणि आपल्याच हुशारीवर खूश झाला.

"पण दादा, ढोलीशिवाय अंडी घालू कुठे?" साळुंकीने विचारलं.

"ते नियमात बसत नाही."

साळुंकी उडून गेली. चर्चा इतकी रंगली, की पिंगळा कित्येक दिवस घरी फिरकलाच नाही. नियम मंजूर करून तो ऐटीत परतला, तर ढोलीत साळुंकी अंडी उबवत बसलेली.

"नियमात बसतं ना आता?" तिने विचारलं.

पिंगळ्याने पळवाट शोधली. सापडेना. "एवढं डोकं चालवायला मला सांगितलं होतं कुणी?" असं पुटपुटत, स्वतःशीच हसत तो बाहेरच्या फांदीवर जाऊन बसला.